जुन्या ४०७ च्या मीटरचा उजेड परत आणताना

टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली, आणि सुरुवातीच्या मॉडेलच्या गाड्या अजूनही भाजीपाला, विटा, दूध ओढताहेत. या गाड्यांची एक तक्रार सगळीकडे सारखी ऐकू येते: रात्री डिझेलचा काटा दिसत नाही, स्पीडोमीटर अर्धा काळोखात. वायरमनकडे गेलं की तो एलईडी घालून देतो. महिनाभर उजेड पडतो, मग एक-एक करत लुकलुकायला लागतात. माझ्या गाडीचं हे काम मी घरी केलं. त्यातून एक गोष्ट पक्की पटली: बल्ब बदलण्याआधी होल्डरवर किती व्होल्ट पोचतात ते मोजायचं.

इंजिन बंद आणि पार्किंग लाइट चालू ठेवून व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पण मीटरच्या बल्ब होल्डरवर १०.१. हा २.३ व्होल्टचा फरक किरकोळ वाटतो, पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. म्हणजे व्होल्ट एक पंचमांशानं घटले की उजेड निम्म्यावर येतो. बल्ब चांगला होता, त्याला पुरेसं पोचत नव्हतं.

आता हे २.३ व्होल्ट कुठे गळतात ते शोधायचं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी होल्डरच्या अर्थिंगवर ठेवली तर ०.९ व्होल्ट दिसले. तिथे ०.१ च्या वर काही दिसता कामा नये. उरलेले १.४ पॉझिटिव्हच्या बाजूला होते: फ्यूजवर ०.६, लाइटच्या स्विचवर ०.५ आणि मीटरच्या प्लगवर ०.३. हे सगळं लाइट चालू ठेवूनच मोजायचं. करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो. फसगत होते ती इथेच.

यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. मीटरमागे कायम चालू असलेल्या वायरी असतात आणि स्पीडोमीटरची केबल काढताना हात आंधळाच चालतो, पान्हा कुठे टेकेल सांगता येत नाही. केबलची नट हातानंच सैल करायची. पक्कड लावली तर कडेच्या रेघा झिजतात आणि पुढच्या वेळी ती पकडच घेत नाही. मीटर ओढण्याआधी प्रत्येक वायरीला कागदी टेप गुंडाळून नंबर टाकला आणि फोनवर फोटो काढला. जुन्या गाडीत वायरींचे मूळ रंग उडालेले असतात, कुणीतरी मध्येच लाल वायरीला हिरवा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे रंगावर भरवसा नको.

एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत इथे आणखी एक सावधगिरी लागते. हवेच्या काट्यामागे बऱ्याचदा वायर नसून खरोखर हवेची नळी असते. आधी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, मग टाकीतली हवा सोडायची, आणि त्यानंतरच नळीला हात लावायचा.

अर्थिंगसाठी मीटरच्या पत्र्याचा स्क्रू पुरेसा नाही. रंगाचे थर आणि गंज यांमधून करंट कसाबसा जातो. होल्डरांच्या अर्थिंगला १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर जोडली, टोकाला गोल लग, म्हणजे धातूचं कडं, दाबून बसवला आणि डॅशमागच्या चेसिस पॉइंटवर पत्रा चकचकीत घासून तो आवळला. वर थोडं ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात ओल धरत नाही. फ्यूज दोन्ही टोकांनी निमुळते, चिनी मातीचे होते. त्यांच्या टोकांना आणि पितळी पट्ट्यांना हिरवट थर चढतो. पॉलिश पेपरनं ते घासले आणि पट्ट्या किंचित आत वाकवल्या, म्हणजे पकड घट्ट बसते. या फ्यूजचे रंग लक्षात ठेवावेत: पिवळा ५ अँपिअर, पांढरा ८, लाल १६, निळा २५. पांढऱ्याच्या जागी लाल बसवलेला असेल तर आधी तो बदलावा, नाहीतर शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळेल.

या साफसफाईनंतर होल्डरवर ११.९ व्होल्ट आले. बल्ब तेच आणि उजेड जवळपास पावणेदोन पट.

मीटरच्या आतला पांढरा रंग पिवळा पडलेला होता. बल्ब डायलवर थेट उजेड टाकत नाही, तो आतल्या भिंतीवर आपटून पसरतो. त्यामुळे हा रंग बल्बइतकाच महत्त्वाचा. डायल आणि काट्यांना कागद लावून झाकलं आणि मॅट पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात दिले. चंदेरी रंग नको, त्यानं डायलवर ठिपके चमकतात. रंग लावल्यावर पूर्ण चोवीस तास उघडं ठेवलं. घाई करून बंद केलं तर रंगाची वाफ काचेच्या आतून धुकं धरते. मीटरची काच प्लॅस्टिकची असेल तर पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. काट्याच्या खिळीवर तेलाचा थेंबही नको आणि काटा बोटानं फिरवायचा नाही.

मग एलईडी. दुकानात जाताना जुना बल्ब बरोबर नेला, कारण दिसायला सारखे असले तरी बूड वेगळं निघतं. माझ्या गाडीतले काचेच्या चपट्या बुडाचे, टी१० मापाचे ३ वॉटचे होते. आधी पुढच्या टोकाला एकच चिप असलेला एलईडी लावून पाहिला: डायलच्या मधोमध भगभगीत गोळा आणि कडेचे आकडे काळे. तारेचा बल्ब चहूकडे उजेड फेकतो, त्यामुळे एलईडीही चारी बाजूंना चिप असलेलाच हवा. रंग पिवळसर पांढरा घेतला. निळसर पांढरा दुकानात भारी वाटतो, पण रात्री घाटात काचेवर त्याची झाक पडते आणि डोळे अंधाराला सरावत नाहीत. अर्ध्या वॉटचा पुरेसा होतो. आत व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर असलेला घ्यावा, कारण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालू झाला की व्होल्ट १४ च्या वर जातात आणि स्वस्त एलईडी तिथेच भाजून निघतो. पेटला नाही तर फेकू नका, होल्डरमधून काढून उलटा फिरवून बसवा.

उजेड कमी म्हणून ३ च्या जागी ५ वॉटचा तारेचा बल्ब घालणं मात्र चुकीचं. प्लॅस्टिकचा होल्डर तपकिरी होतो, मग वाकतो आणि बल्ब ढिला पडतो.

सूचनेचे दिवे बदलताना खरी गडबड होते. चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावला नाही. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. तिथे एलईडी घातला तर तेवढा करंट जात नाही, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर रेस दिल्याशिवाय चार्जिंगच होत नाही. एलईडी लावायचाच असेल तर १२ व्होल्टच्या गाडीत त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावावा आणि तो प्लॅस्टिकपासून दूर ठेवावा, कारण गरम होतो. हाच रेझिस्टर २४ व्होल्टच्या गाडीत जळेल, तिथे २२० ओहमचा घ्यावा.

काही गाड्यांत डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी डॅशवर एकच दिवा असतो. त्याची एक वायर डावीकडे आणि दुसरी उजवीकडे जाते, म्हणून करंट कधी या दिशेनं तर कधी त्या दिशेनं वाहतो. साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल. तिथे दोन्ही दिशांना चालणाराच हवा. रंगीत काचेमागे त्याच रंगाचा एलईडी लावावा: लाल काचेमागे पांढरा लावला तर ऑइलचा दिवा गुलाबी दिसतो, आणि भर उन्हात दिसतच नाही.

मीटरचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर असलेल्या गाडीत एलईडीनंतर डिमर जवळजवळ निकामी होतो. पाच ३ वॉटचे बल्ब सव्वा अँपिअर ओढतात, पाच एलईडी जेमतेम ०.२. दहा ओहमच्या तारेच्या डिमरवर ०.२ अँपिअरला फक्त २ व्होल्ट उतरतात. त्याऐवजी एलईडीसाठीचा वेगळा डिमर बसवावा.

बंद करण्याआधी बॅटरी जोडून प्रत्येक दिवा तपासला. स्पीडोमीटरची केबल बसवताना चौकोनी टोक खाचेत गेल्याची खात्री केली आणि केबलला तीक्ष्ण वळण राहू दिलं नाही, नाहीतर कमी वेगात काटा थरथरतो. हेडलाइटच्या अप्परचा निळा दिवा तारेचाच राहू दिला, कारण एलईडीमुळे तो डोळ्यांत टोचतो. ३ वॉटचे दोन जुने बल्ब पुडीत बांधून डॅशच्या खणात ठेवलेत.