तुम्ही विचारलंत म्हणून : भायखळ्यात भाड्याने घर घ्यावं का?

मुंबईत नोकरीसाठी नव्याने आलेले बरेच जण हे विचारतात. जागा सोयीची आहेच. सीएसएमटी तीन स्टेशनांवर, मंडई जवळ, आणि ग्लोरिया चर्च, मागेन डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), पारशी बाग (पारशांच्या वसाहती), मशिदी सगळं चालत जाण्याच्या अंतरात. घ्या की. फक्त भाडं किती हे विचारण्याआधी, देणाऱ्याचा त्या घरावर हक्क काय हे विचारा.

इथल्या जुन्या इमारतींत ज्याला दलाल 'मालक' म्हणतो तो पुष्कळदा पागडीवाला, म्हणजे एकरकमी पागडी देऊन भाडेहक्क घेतलेला भाडेकरू असतो. इमारत भलत्याचीच, एखाद्या ट्रस्टची नाहीतर भांडणाऱ्या वारसांची. पागडीवाला त्यांना मामुली भाडं भरतो आणि तीच खोली तुम्हाला बाजारभावाने देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे, मूळ करारात मुभा नसेल तर त्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, लिव्ह-लायसन्सवरही, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावरही, जागा देता येत नाही. घरमालक कोर्टात गेला तर पागडीवाल्याबरोबर तुमचंही सामान बाहेर. म्हणून भाडेपावती बघायला मागा आणि घरमालकाची लेखी संमती आहे का ते विचारा. मालकीचा फ्लॅट असेल तर इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघा, आणि बेस्टच्या लाइट बिलावरचं नाव जुळतंय का तेही.

'भाडं नको, हेवी डिपॉझिट द्या', म्हणजे भाड्याऐवजी एकदम मोठी रक्कम, हा प्रकार अशा घरांत जोरात चालतो. त्यात पैसे घेणारा ते खर्चून मोकळा होतो आणि पुढचा डिपॉझिटवाला मिळेपर्यंत तुम्ही अडकता. इमारत पुनर्विकासाला गेली तर नवं घर पागडीवाल्याला, तुम्हाला काही नाही. हा व्यवहार टाळलेला बरा.

करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, लेखी करार आणि नोंदणी हवीच, आणि ती जबाबदारी घर देणाऱ्याची. खर्चही फार नाही. समजा २४ महिने, ४०,००० भाडं, २ लाख डिपॉझिट. एकूण भाडं ९,६०,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे ४०,००० मिळवा. झाले १० लाख. त्यावर पाव टक्का म्हणजे २,५०० रुपये मुद्रांक शुल्क, वर १,००० नोंदणी फी. करारात एक ओळ आग्रहाने घाला : चावी देताच त्याच दिवशी डिपॉझिट परत. दलाली साधारण एका महिन्याचं भाडं असते. करार वाढवताना ती पुन्हा द्यायची का, हे आधीच बोलून घ्या.

आता इमारत. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची असेल तर ती बहुधा सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठीचा सेस (उपकर) भरणारी, आणि दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे. पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, ती तपासा. दारावर पालिकेची ३५४ची (धोकादायक इमारतीची) नोटीस चिकटवलेली असेल तर तिथूनच परत फिरा. नसेल तर वर जाऊन लाकडी तुळईचं टोक भिंतीत शिरतं ती जागा बघा, विशेषतः मोरी-संडासाच्या बाजूला. पाणी मुरून तुळई कुजायला लागते ती तिथेच. जुन्या खोलीला नवंकोरं पीओपीचं छत असेल तर खुश होऊ नका, तुळया झाकल्यात.

पाणी दलालाला विचारू नका, शेजारणीला विचारा, आणि पाण्याच्या वेळेला स्वतः जा. १५ लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागत असतील तर तासाभरात २२५ लिटर. चौघांना ते पुरत नाही. वरच्या मजल्यावर आजूबाजूचे पंप चालू झाले की धार आणखी बारीक होते. एसी लावायचा असेल तर बिलावरचा मंजूर भार बघा आणि मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्या. जुन्या वायरिंगवर दीड टनाचा एसी टाकला की वायर तापते.

भायखळ्यात सगळ्या समाजांची सरमिसळ आहे, पण ती रस्त्यावर. जिन्यात बहुधा एकाच समाजाची माणसं, म्हणून दलाल आधी आडनाव विचारतो. राग येण्यासारखंच आहे, पण घर बघायच्या आधीच कळलं तर एक फेरी वाचते. रुस्तम बाग, जेर बाग पारशांसाठीच. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती माणसाने मात्र आपल्या गावाचा क्लब, म्हणजे कूड, मुंबईत आहे का ते विचारावं. धोबी तलाव-माझगावकडे असे क्लब आहेत आणि गाववाल्यांना तिथे स्वस्तात खाट मिळते.

भिंतीवर दोन कॅलेंडरं ठेवा, हिंदू सणांचं आणि मुस्लिम सणांचं. अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक भायखळा-नागपाड्यावरून जाते, आशुऱ्याला (मोहरमच्या दहाव्या दिवशी) शियांची मिरवणूक माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानाकडे येते. दोन्ही दिवशी घरसामान हलवायचा टेम्पो बोलावू नका. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद हवा, पण सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आणि स्कूटरवाल्यांसाठी : जेजे फ्लायओव्हरवर दुचाकीला बंदी आहे, खालच्या मोहम्मद अली रोडनेच जावं लागतं. रमजानमध्ये इफ्तारनंतर तो रस्ता तुंबतो, तेव्हा ऑफिसातून सुटल्यावर सरळ लोकल पकडा.