जुना दागिना घेताना स्वस्त पडते ती मजुरी, सोनं नाही

सोसायटीच्या ग्रुपवर हल्ली कोणी ना कोणी जुन्या बांगड्यांचा नाहीतर कानातल्यांचा फोटो टाकतं आणि मग मला मेसेज येतात, घेऊ का गं? माझं उत्तर ठरलेलं आहे. भाव आधी बघ. नवीन पाटल्या घेताना आपण घडणावळ देतो, वर जीएसटी, आणि मोडायला गेलं की ते सगळं पाण्यात, म्हणून ओळखीतलं कोणी मोडीच्या भावाच्या थोडं वर देत असेल तर दोघींचाही फायदा. पण मोडीच्याही खाली, "ताई अर्जंट आहे" वगैरे सुरू झालं की मी उठतेच, कारण ज्याला कुठलाही सराफ लगेच पैसे देईल तो माणूस मला कशाला सूट देईल, माल खोटा नाहीतर चोरीचा!

हॉलमार्क असेल तर काम सोपं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२के९१६ म्हणजे २२ कॅरेट, ९१.६ टक्के सोनं, आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अंक-अक्षरांचा नंबर, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायचा. ॲप अंगठी म्हणतंय आणि हातात झुमका आहे तर नमस्कार करायचा. हा नंबर २०२१ पासून आला त्यामुळे आजीच्या पाटल्यांवर तो नसणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. केडीएम असा शिक्का बघून मात्र खूश होऊ नका, ते जोडकामाचं नाव, कॅरेटची हमी नाही.

शिक्का नसेल तर घरी मी एक करते. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग बांगडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरायची. वीस ग्रॅमची २२ कॅरेट बांगडी असेल तर काटा साधारण १.१ ग्रॅम दाखवतो, पितळेची असेल तर दोनच्या वर जातो. लोहचुंबकाचं सगळे सांगतात पण तांबं-पितळही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

पोकळ किंवा लाख भरलेल्या मालाला हा काटा चालत नाही. बोरमाळ, कोल्हापुरी साज, हे प्रकार वरून पातळ सोनं आणि आत लाख, आणि विकणारी बाई बिनधास्त लाखेसकट वजन सांगते. तिथे आधी निव्वळ सोनं किती धरलंय ते विचारायचं, पुढचं नंतर.

ठाण्यात गोखले रोड, जांभळी नाका भागात सराफांची कमी नाही, ज्याच्याकडे कॅरेट मीटर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजायचं मशीन, असेल त्याच्याकडून तपासून घ्या. फक्त ते मशीन वरचा थरच वाचतं, जाड मुलामा असला तर फसतं. म्हणून फिरकीचे आटे, कडीची आतली बाजू, जिथे घासून घासून झिजतं तिथे बघा, लालसर किंवा पांढरट दिसलं तर कसाच्या दगडावर ओढून ॲसिड लावायला सांगा. विकणारी "कशाला एवढं" म्हणाली तर दागिना तिच्याकडेच राहू दे.

आणि हो, व्यवहार ओळखीतला असला तरी साध्या कागदावर वजन, तारीख, दोघींच्या सह्या घ्याच, जुनं बिल असेल तर तेही मागून घ्या. मला सध्या वज्रटीक हवीय, कोणाकडे असेल तर मेसेज करा, वजनाची चिठ्ठी मात्र आधी पाठवा.