तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता इंडिकेटर बघता?

दोन. बंद भावाची दोनशे दिवसांची सरासरी, आणि एटीआर, म्हणजे शेअर रोज सरासरी किती हलतो त्याचं माप.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देऊन टाकलं. इंडिकेटर म्हणजे शेअरच्या भावांवर गणित करून काढलेली खूण. "तुम्ही कोणता इंडिकेटर बघता?" हा प्रश्न मला मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, कुठेही येतो. फोर्टमध्ये ब्रोकरच्या ऑफिसात उमेदीची वर्षं काढलेली बाई आता घरी बसून स्वतःच्या पैशाने सौदे करते, म्हणजे हिच्याकडे काहीतरी खास असणार, असं लोकांना वाटतं. माझं उत्तर ऐकलं की बहुतेकांचा चेहरा पडतो. ही दोन्ही गणितं कुठल्याही फुकटच्या ॲपवर मिळतात.

विचारणाऱ्याला अशी खूण हवी असते जी जास्तीत जास्त वेळा बरोबर येईल. मी पडले ट्रेंडच्या मागून जाणारी, म्हणजे भाव ज्या दिशेला चाललाय त्याच बाजूने सौदा करणारी. या पद्धतीत दहापैकी सहा-सात सौदे तोट्यात जाणं हे नेहमीचंच. हे पटत नसेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही, म्हणून मी प्रत्येकाशी इथूनच बोलायला सुरुवात करते.

परवा भाचा आला होता. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनच्या वरच्या भागात कँडल, म्हणजे एकेका दिवसाच्या भावाच्या उभ्या पट्ट्या, कोंबलेल्या, त्यांच्या अंगावर बोलिंजर बँडच्या रेघा, आणि खाली एकाखाली एक आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक. "मावशी, बघ ना, चारही बाय दाखवतायत!" मी म्हटलं, यातला एकेक कशावरून काढतात ते सांग बघू. आरएसआय गेल्या चौदा दिवसांच्या बंद भावांतल्या चढ-उतारावरून. एमएसीडी म्हणजे बारा आणि सव्वीस दिवसांच्या सरासऱ्यांतला फरक, तोही बंद भावाच्याच. बोलिंजर म्हणजे वीस दिवसांची सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण विचलन. स्टोकॅस्टिकमध्ये बंद भावाच्या जोडीला तेवढे उच्चांक-नीचांक येतात. कच्चा माल सगळ्यांचा एकच, भाव. एकाच भावाची चार गणितं केली तर ती बऱ्याचदा जुळणारच. त्यातून खात्री चौपट होत नाही, पण माणसाला तसं वाटतं आणि तो चौपट माल घेऊन बसतो. धोका तिथे आहे.

आरएसआय वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनीअरने १९७८ मध्ये मांडला. एटीआर, आणि एडीएक्स व पॅराबॉलिक एसएआर हे आणखी दोन इंडिकेटर, ही त्याचीच देणगी, त्याच वर्षीची. तेव्हा हे सगळं कागदावर आणि कॅल्क्युलेटरवर करायचं होतं. इकडे दलाल स्ट्रीटवर १९९५ मध्ये बोल्ट या सौद्यांच्या यंत्रणेचे संगणक येईपर्यंत रिंगमध्ये ओरडून सौदे व्हायचे, आणि चार्टचा नाद असलेले लोक पेपरातला भाव बघून आलेखाच्या कागदावर रोज एक रेघ ओढायचे. हातानेच करायचं म्हटल्यावर माणूस एक गणित निवडायचा आणि त्याला धरून राहायचा. ती शिस्त मला आजही फार मोलाची वाटते. आता बोट टेकवलं की नवा इंडिकेटर हजर, त्यामुळे कालचा तोटा झाला की आज रेघ बदलते.

आरएसआयबद्दल एक गैरसमज मात्र लोकांचे खरोखर पैसे खातो. "तिशीच्या खाली गेला की घ्यायचं" हे सगळ्यांना पाठ असतं. आरएसआय शून्य ते शंभरच्या पट्टीवर वेग मोजतो. घाट उतरणाऱ्या गाडीचा वेग काट्यावर दिसतो, घाट अजून किती उरलाय ते दिसत नाही. ९ मार्च २०२० ला निफ्टी १०,४५१ वर बंद झाला. रोजच्या चार्टवर आरएसआय तिशीच्या खाली होता, म्हणजे पुस्तकी भाषेत माल भरपूर विकला गेला होता. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर होता. दोन आठवड्यांत आणखी सत्तावीस टक्के खाली. "स्वस्त झालंय" म्हणत रोज थोडं थोडं आणखी घेऊन ॲव्हरेज करणाऱ्यांचे त्या दिवसांतले चेहरे मी पाहिलेत.

त्याच पडझडीत दोनशे दिवसांच्या सरासरीने काय दिलं? भाव तिच्या वर असेल तर आत, खाली गेला तर बाहेर, अशी ती वापरायची. फेब्रुवारीच्या अखेरीस निफ्टी तिच्या खाली आला. महिन्याचा शेवटचा बंद भाव ११,२०१. तिथे बाहेर पडलेला माणूस जुलैत, निफ्टी पुन्हा सरासरीच्या वर चढला तेव्हा, साधारण ११,००० ला आत आला. अंकांत बघितलं तर वाचले जेमतेम दोनशे. लोक विचारतात, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण ७,६१० चा दिवस त्याने हातात रोकड घेऊन बघितला, घाबरून तळाला विकायची वेळ त्याच्यावर आली नाही. आणि पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये निफ्टी १८,००० च्या वर गेला, त्या तेजीचा मोठा हिस्सा त्याला मिळाला. तळाला कुणी घेतलं नाही, शेंड्याला कुणी विकलं नाही. मधला तुकडा मिळाला, आणि ट्रेंडवाल्याला तेवढाच मिळतो.

२०२२ उलटं गेलं. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा निफ्टी त्याच सरासरीच्या खाली, मार्चमध्ये वर, मग पुन्हा खाली, जुलैच्या अखेरीस पुन्हा वर. अशा काळात दर फेरीला थोडं थोडं कापलं जातं, वर ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), जीएसटी, स्टँप ड्युटी. याला औषध नाही. सरासरी लहान केली तर फेऱ्या आणखी वाढतात, मोठी केली तर बाहेर पडायला उशीर होतो. मार्केट साइडवेज, म्हणजे एकाच पट्ट्यात वरखाली होत असताना, ट्रेंडची पद्धत तोटाच देते, तो तिचा खर्च आहे.

मग पैसे कसे मिळतात? वहीतलं गणित दाखवते. दहा सौदे. सात चुकले, प्रत्येकी ५,००० गेले, म्हणजे ३५,०००. तीन चालले, प्रत्येकी सरासरी २०,००० आले, म्हणजे ६०,०००. हातात २५,०००, त्यातून खर्च आणि टॅक्स जायचा. आता "नव्वद टक्के अचूक" म्हणून विकली जाणारी एखादी पद्धत घ्या. नऊ सौद्यांत पाचशे-पाचशे मिळाले, ४,५००. दहाव्यात स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला आपोआप विकायची सूचना, लावलेला नव्हता आणि ८,००० गेले. दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊन साडेतीन हजारांचं नुकसान. क्लासच्या जाहिरातीत नव्वदचा आकडा दिसतो, दहाव्या सौद्याचा दिसत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण फी भरणारी मुलं कष्टाच्या घरातली असतात.

आता यातलं अवघड. दहात सात चुकणार असतील तर, सौदे एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तरी पुढचे पाचच्या पाच तोट्यात जाण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. म्हणजे हे होणारच आहे, वर्षातून एखाद्या वेळी तरी. चौथ्या-पाचव्या तोट्याला घरचे विचारायला लागतात, रात्री झोप लागत नाही, आणि माणूस "हा इंडिकेटर चालत नाही" म्हणून सोडून देतो. बरेचदा सहावा सौदा सगळं भरून काढणारा असतो. १९८३ मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिस या वायदे व्यापाऱ्याने आपला सहकारी विल्यम एकहार्टशी पैज लावून नवख्या लोकांना हेच शिकवलं होतं: वीस दिवसांचा उच्चांक मोडला की घ्या, दहा दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर या. ते नियम आज कुणालाही वाचायला मिळतात. पाळणारे थोडेच, आणि तेही ज्यांनी माल बेताने घेतलाय तेच.

म्हणून माझा दुसरा इंडिकेटर एटीआर. तो दिशा सांगत नाही. शेअर रोज सरासरी किती रुपये हलतो, एवढंच सांगतो. मी तो खरेदीच्या आधी बघते. समजा हाताशी पाच लाख आहेत आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५,००० घालवायची तयारी आहे. शेअर ४२० ला आहे, एटीआर १४. त्याच्या दुप्पट, २८ रुपये खाली, म्हणजे ३९२ ला स्टॉप. ५,००० भागिले २८, शेअर आले १७८. रक्कम ७४,७६०. दुसरा शेअर तोही ४२० चाच, पण संथ, एटीआर ६. स्टॉप १२ रुपये खाली, शेअर ४१६, रक्कम १,७४,७२०. भाव सारखा, पण एकात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त पैसे घालता येतात, आणि चुकलं तर दोन्हीकडे तोटा पाच हजारांचाच. वहीत मी आधी स्टॉप लिहिते, मग शेअरची संख्या, आणि खरेदीचा भाव सगळ्यात शेवटी. तुम्हाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर रेघ घेऊ नका, हा क्रम घ्या.

स्टॉप लावला म्हणजे तेवढ्याच भावाला सुटका होईल याची हमी मात्र नसते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात १,३७९ अंक पडला. अशा दिवशी स्टॉपच्या बऱ्याच खाली माल सुटू शकतो. म्हणून एक टक्का. तीन टक्के धरणाऱ्याला असा एक दिवस फार महागात जातो.

याच्या जोडीने दुसरा प्रश्न येतो, ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यात, हे चालेल का? नाही. माझा चालणारा सौदा महिनोन्‌महिने चालतो. आठवड्याच्या ऑप्शनला तेवढा वेळच नसतो, दिशा बरोबर आली तरी एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, आधी येते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: तीन आर्थिक वर्षांत, २०२१-२२ ते २०२३-२४, फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. रोख बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे सौदे, करणाऱ्यांपैकीही २०२२-२३ मध्ये ७१ टक्के तोट्यात. त्यातली काही मुलं आमच्याच इमारतीत राहतात, त्यांच्या आया मला भेटतात. त्यांच्याशी बोलताना मी इंडिकेटरचा विषयसुद्धा काढत नाही, आधी ऑप्शन बंद करायला सांगते.

भाच्याने स्क्रीनवरचे तीन पट्टे काढून टाकलेत. वही केलीय, सध्या नुसते कागदावर सौदे करतो. काल त्याचा फोन आला, दोनशेच्या ऐवजी दीडशे दिवसांची सरासरी घेतली तर चालेल का? म्हटलं, चालेल, शंभरचीही चालेल. फक्त जी घेशील ती पुढचे वीस सौदे बदलायची नाही, आणि सलग तोटे सुरू असताना तर नाहीच.