आयडल स्क्रूला हात लावण्याआधी

सोमवार, सकाळ. इंजिन रात्रभर थंड.

२००१ ची होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक, १०६ बीएचपी. थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते. गरम झाली की सिग्नलला आरपीएम ९०० ते १,७०० झुलत राहतो. आयडल म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा किमान वेग; तो ठरवणाऱ्या आयडल स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. मधेच झोका थांबतो आणि मग गाडी थरथरते, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. पंचवीस वर्षांच्या गाडीत आजार क्वचितच एकटा येतो. इथे निदान दोन तरी आहेत, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची.

कोड आधी. सर्व्हिस कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्या, चावी ऑन केली, चेक इंजिनचा दिवा मोजला. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ३ मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजतो), ६ कूलंट सेन्सर, ७ थ्रॉटल पोझिशन (थ्रॉटल म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), १४ आयडल व्हॉल्व्ह (आयडलला हवा सोडतो). इथे एकही कोड नाही, पण त्यावर विसंबू नये. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, कळतं. सेन्सर खोटं पण पटेल असं सांगत असेल तर ईसीयू मुकाट मान्य करतो.

सोमवार, दुपार.

झुलण्याचं कारण नीट समजलं की शोधाशोध निम्म्यावर येते. थ्रॉटल बंद असूनही कुठूनतरी जास्तीची हवा आत जाते. ही गाडी हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजते. हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं लोड आला, तो पेट्रोल वाढवतो आणि आरपीएम चढतो. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त, म्हणजे गाडी उतारावर आहे असं समजून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडला की पुन्हा सोडतो. एअरफ्लो मीटरच्या गाड्यांत हीच गळती मिश्रण पातळ करते आणि मिसिंग होतं, म्हणजे सिलिंडर मधेच पेट चुकवतो. त्या गाड्यांचे उपाय इथे आंधळेपणाने लावले की दिवस वाया जातो.

गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारायची सवय आहे. गरम एक्झॉस्टजवळ ती आग लावणारी आहे. पाण्याची साधी फवारणी पुरते: मॅनिफोल्ड गॅस्केट, पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत आत नेणारा), ब्रेक बूस्टरचा पाइप, इंजेक्टरची खालची सील. पाण्याने फट क्षणभर बुजली की आरपीएम लगेच पडतो. दुसऱ्या इंजेक्टरपाशी १,६०० वरून १,१०० वर आला. सील काढून पाहिली तर रबर पार कडक झालेलं, नखाने दाबलं तर चीर पडली. चारही सील बदलल्या, बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवलं. कोरडी सील ढकलली की मुरगळते आणि गळती तिथेच राहते.

रेडिएटरही बघितला. कूलंट अर्धा लिटर कमी. आयडल व्हॉल्व्हपर्यंत गरम पाणी पोचलं नाही, वाटेत हवा अडकली, तरी आयडल असाच झुलतो. भरून, हीटर फुल करून, फॅन दोनदा लागेपर्यंत हवा काढली.

मंगळवार.

झुलणं गेलं. थरथर आणि वास तसेच.

बॅटरीची निगेटिव्ह काढून, फडकं गुंडाळून, पेट्रोल फिल्टरवरचा बोल्ट हळू सैल करून प्रेशर सोडलं आणि गेज लावलं. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढल्यावर ४२ पीएसआय, लावल्यावर ३३. ठीक. त्या पाइपात पेट्रोलचा थेंब असता तर रेग्युलेटरमधला पडदा (डायफ्राम) फाटलेला असता; पाइप कोरडा होता. इंजिन बंद केल्यावर प्रेशर टिकून राहिलं, म्हणजे इंजेक्टर टपकत नाहीत. चारही इंजेक्टरच्या कॉइल ११ ते १२ ओहम.

मग जास्त पेट्रोल कोण मागतंय? इथे बहुतेक जण फसतात. या इंजिनला पाण्याच्या तापमानाचे दोन सेन्सर आहेत. एका वायरचा फक्त डॅशबोर्डवरचा काटा हलवतो, दोन वायरींचा ईसीयूला सांगतो. काटा बरोबर दिसतो म्हणून दुसरा बरोबर, असं नसतं. ८० अंशांवर सेन्सर स्वतः ३०० ओहम दाखवत होता. त्याच वेळी ईसीयूच्या कनेक्टरवर ९००. म्हणजे ईसीयूच्या मते इंजिन पन्नास अंशांच्या आसपास, आणि थंडीतलं पेट्रोल चालूच. प्लगमधली पिन हिरवी पडली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर, नवीन टर्मिनल. आकडे जुळले. सेन्सर बदलायचा खर्च फुकट गेला असता.

बुधवार. पुन्हा थंड इंजिन.

वास गेला, पण गरम झाल्यावर आयडलला एक सिलिंडर सुटतोच. दोन हजारांच्या वर साफ. एकेक इंजेक्टरचा प्लग काढून पाहिलं: चौथ्याचा काढला तरी आरपीएम पडत नाही. स्पार्क आहे, इंजेक्टर टिकटिकतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट. गॅप इंटेकला ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७, इंजिन पूर्ण थंड असतानाच. पुली घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. फायरिंग १-३-४-२, दर वेळी क्रँक अर्धा फेरा. चौथ्याच्या एका एक्झॉस्टला ०.१५ चं पातं कसंबसं गेलं. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. गरम झाल्यावर तो पूर्ण मिटत नाही, आयडलला कॉम्प्रेशन निसटतं. वरच्या आरपीएमला निसटायला वेळच मिळत नाही. सैल टॅपेट खडखडून सांगतो, घट्ट टॅपेट गप्प असतो. म्हणून "आवाज नाही, उघडू नका" हा सल्ला इतका घातक आहे. उशीर झाला की व्हॉल्व्ह जळतो आणि हेड खाली उतरवावं लागतं.

नट घट्ट केल्यावर गॅप पुन्हा मोजावाच, तो थोडा हलतो.

गुरुवार.

आता कुठे तो स्क्रू. आधी कोणीतरी बराच बाहेर काढलेला होता. फॅन लागेपर्यंत ३,००० वर गरम केलं, एसी-दिवे बंद, आयडल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला, स्क्रूने ४५० च्या आसपास आणलं. कनेक्टर लावला, बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून मेमरी पुसली. ७५० वर स्थिर. एसी लावला, किंचित दचकून परत तिथेच.

चौथ्याचा स्पार्क प्लग अजून काळसर आहे. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा काढून बघायचा, आणि कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं एकाच दिवशी घ्यायचं.