लळिंगच्या कातळावरच्या ढाली

जून अर्धा सरला की शनिवारी पहाटे मी धुळ्याहून लळिंगला निघतो. खिशात भिंग, पिशवीत पाण्याची बाटली. किल्ल्याच्या चढावर पावसाचं पाणी ज्या वाटेनं ओघळतं, तिथे कातळावर काळपट पट्टे उमटलेले असतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला ती काजळी वाटते. पण ती पेल्ट्युला नावाच्या दगडफुलाची वस्ती आहे.

आपण काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल यांच्याच गोतावळ्यातलं, पण ते पानासारखं पसरतं. पेल्ट्युला म्हणजे मसुराएवढे खवले, एकमेकांना खेटून बसलेले. 1853 साली न्यूलँडर या फिनिश अभ्यासकानं या प्रजातीला नाव दिलं, त्याचा अर्थ छोटी ढाल. किल्ल्यावर याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही.

परवा मी गुडघ्यावर बसलेलो असताना एक गुराखी बाबा थांबले. "काय देखी ऱ्हायना भो?" मी भिंग त्यांच्या हाती दिलं आणि बूचभर पाणी खवल्यांवर सोडलं. मातकट, कडक खवले बघता बघता फुगले, मऊ झाले, हिरवट दिसू लागले. वळलेल्या कडेवर काळसर बारीक भुकटी होती. त्या भुकटीचा कण वाहत जाऊन जिथे अडकेल तिथे नवा खवला धरतो. एक सुटत आलेला खवला उलटून दाखवला. खाली मधोमध एकच देठ, शर्टाला बटण टाचलेलं असावं तसा.

"हाई ते जित्तं शे!" बाबा म्हणाले.

जित्तंच आहे, आणि एकटं नाही. बाहेरून बुरशी, आत नीलहरित जिवाणू. ते उन्हात अन्न बनवतात, बुरशी त्यांना घर देते. हिरवं शैवाल पोसणाऱ्या दगडफुलांना नुसती दमट हवाही जागं करते. नीलहरित जिवाणूंना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागतं. म्हणून हे खवले ओघळाची वाट सोडत नाहीत. वैशाखात कातळावर हात टेकवत नाही, तेव्हा हे वाळून नुसते पडून राहतात, पहिल्या सरीपर्यंत.

गेल्या वर्षी कुणीतरी अशाच एका पट्ट्यावर ऑइलपेंटनं नावं रंगवली. रंगाखालचे खवले गेले. मला त्याचा अजून राग येतो.

बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. बाबांनी ते मागून घेतलं, शेजारच्या पट्ट्यावर ओतलं आणि भिंग लावून बसले. शेळ्या पार वरच्या टाक्यापर्यंत पोचल्या होत्या.