ब्रेमेन चौक ते ब्रेमेन, आणि मधल्या बाटल्या

औंधात पंचवीस वर्षं काढली. ब्रेमेन चौकातून रोजचं जाणं-येणं, तोच सिग्नल, तेच हॉर्न, पण हे ब्रेमेन म्हणजे काय असा प्रश्न एकदाही पडला नाही. चौक म्हणजे चौक, नाव काय का असेना. मग लेकीला मास्टर्सला अॅडमिशन मिळाली ती नेमकी ब्रेमेन युनिव्हर्सिटीत, आणि तेव्हा कळलं की पुण्याचं आणि जर्मनीतल्या या शहराचं जुनं मैत्रीचं नातं आहे, म्हणून तो चौक. एवढी वर्षं बाजूने गेले, साधं कुणाला विचारलं पण नाही.

गेल्या जूनमध्ये गेले, पहिल्यांदाच देशाबाहेर. विमानाचं काही लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. एअरपोर्टच्या दारातूनच ६ नंबरची ट्राम निघते ती शहरातून थेट युनिव्हर्सिटीकडे. ट्रामला ना कंडक्टर ना गेट, चढायचं आणि बसायचं. मी आख्ख्या रस्ताभर तिकीट हातात धरून बसले होते, लेक म्हणाली अगं पर्समध्ये ठेव ते, मी म्हटलं कुणी बघायलाच आलं नाही तर काढलं कशाला? तर म्हणे साध्या कपड्यांतला चेकर कधीही येतो आणि तिकीट नसेल तर 60 युरो घेतो. मग परत घट्ट धरलं.

तिकडे सगळे "मॉइन" म्हणतात. मला वाटलं गुड मॉर्निंगचंच काहीतरी असणार, पण संध्याकाळी सातला जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या तरी मॉइन. आणि सात कसले, पावणेदहापर्यंत लख्ख उजेड! दिवेलागण कधी करायची तेच कळेना, आम्ही जेवून भांडी घासून बसलो तरी बाहेर दिवस.

पण मला खरं सांगायचंय ते बाटल्यांचं.

पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली घेतली आणि बिल बघितलं तर 25 सेंट जास्त लावलेले. मी बँकेत कॅशला बसलेली बाई, मला बिलात एक पैसा इकडेतिकडे चालत नाही, म्हटलं चल परत काउंटरवर. लेक हसायलाच लागली. ते डिपॉझिट असतं, फांड म्हणतात, रिकामी बाटली परत केली की मिळतं. 2003 पासून आहे म्हणे. 25 सेंट म्हणजे आपले जवळजवळ पंचवीस रुपये, पाण्यापेक्षा बाटलीच महाग की काय!

झालं, मला नादच लागला. रिकामी बाटली दिसली की पिशवीत. सुपरमार्केटच्या कोपऱ्यात मशीन असतं, गोल भोकात बाटली सारायची, ते तिला गरागरा फिरवून छाप शोधतं आणि मग आत कर्रकन चिरडतं. पहिली बाटली मी आपल्या सवयीने पिरगाळून चपटी करूनच नेली होती, आपल्याकडे बाटलीवर तसंच लिहिलेलं असतं ना. मशीनने बाहेर थुंकली. परत घातली, परत थुंकली. मागे पाच-सहा जण लाईनीत, कुणी एक शब्द बोललं नाही, ते जास्त लागलं, पुण्यात एव्हाना दोघांनी तरी अक्कल शिकवली असती.

बिअरच्या काचेच्या बाटलीला मात्र फक्त 8 सेंट. संध्याकाळी वेझर नदीच्या काठी पोरं-पोरी हिरवळीवर बसून पितात आणि जाताना रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी नीट उभ्या करून ठेवतात. मला वाटलं काय आळशी पोरं! थोड्या वेळाने एक आजोबा आले, इस्त्रीचा शर्ट, चाकांची पिशवी, त्यांनी एकेक बाटली उचलून पिशवीत ठेवली, अजिबात आवाज न करता. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून त्या बाहेर ठेवायच्या असतात. मी मनात हिशोब केला, एका युरोला तेरा बाटल्या. त्यानंतर मी बाटल्या गोळा करणं बंद केलं, आपल्या स्वतःच्या तेवढ्या परत करायच्या. श्रीमंत देशात हे बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि अजून त्याचं नीट काय करायचं ते मला कळलेलं नाही.

आता माझी फजिती. फांड नसलेल्या काचेला, म्हणजे लोणच्याची वगैरे बरणी, कोपऱ्यावर मोठे कंटेनर असतात, पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी. रविवारी दुकानं सगळी बंद, रस्ता चिडीचूप, मला वेळ जाईना, म्हटलं चला तेवढ्या बरण्या तरी टाकून येऊ. पहिली बरणी खळ्ळकन फुटली आणि वर खिडकी उघडली. त्याच मॉइनवाल्या आजी. काय बोलल्या ते कळलं नाही, पण "झोनटाग" कळला, रविवार. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो. उरलेल्या तीन बरण्या घेऊन मान खाली घालून परत. सोमवारी आजी भेटल्या तर जसं काही झालंच नाही, मॉइन!

गावच्या टाउन हॉलशेजारी ग्रिम बंधूंच्या ब्रेमेनच्या वाजंत्र्यांच्या गोष्टीतली ती चार जनावरं आहेत, गाढवावर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा, 1953 मधलं ब्राँझचं शिल्प. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून मनातलं मागायचं. लोकांनी धरून धरून पाय सोन्यासारखे चकचकीत झालेत. एकाच हाताने धरलं तर म्हणे एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतंय! मी आधी एकाच हाताने धरलं होतं, दुसऱ्या हातात पिशवी होती ना.

परत येऊन महिना झाला, पर्स साफ करताना एक चुरगळलेली चिठ्ठी निघाली, मशीनची. सात बाटल्या, पावणेदोन युरो, काउंटरवर द्यायचीच राहिली. लेकीला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय, "आई, आता ये परत घ्यायला."