"पिशवी का काढली?" एवढंच विचारून भागत नाही

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यातली एक अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

समाजशास्त्र शिकले आणि आता फॉर्म घेऊन गावोगाव फिरते म्हटलं की लोक विचारतात, यात रिसर्च कसला, हे तर सगळ्यांना माहितीये. या बायका गर्भपिशवी का काढतात हेही सगळ्यांना माहीतच असतं! शहरात म्हणतात डॉक्टर लुटतात, तालुक्याचे साहेब म्हणतात बायका अडाणी, आणि तिसरा कोणी म्हणतो मुकादम, म्हणजे मजूर जमवून नेणारा ठेकेदार, जबरदस्ती करतो. २०१९ मध्ये विषय गाजल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीडमध्ये ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. आता लुटारू डॉक्टर आणि अडाणीपणा तर देशभर आहे, मग इथंच इतकं का?

तर ही बाई पस्तिशीच्या आतली. मुलाखतीतलं खरं कसब प्रश्न विचारण्यात नसतंच, सासू आणि शेजारणींना हलवण्यात असतं. माझी जोडीदार ओसरीवर सासूकडून रेशनकार्ड, जनावरं, घरातली माणसं अशी यादी मुद्दाम सावकाश भरून घेते आणि तेवढ्यात मी सुनेला घेऊन मागच्या दारी बसते. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, आणि सुपरवायझरला तर आज किती फॉर्म झाले एवढंच हवं असतं.

ऑपरेशन का केलं? "त्रास व्हायचा." खूण केली, फॉर्म संपला. पण फॉर्म मिटल्यावर मी नेहमी सालं विचारत बसते, कोणत्या साली कोणता कारखाना, कोणतं पोर पोटात होतं, कोपी (राहायची झोपडी) कुठं होती, पाणी किती लांब. "का" विचारलं की माणूस तयार उत्तर देतो, काय काय झालं ते विचारलं की सगळं सांगतो, हा माझा पक्का अनुभव आहे.

तिनंही सांगितलं. पहाटे तीन वाजता उसाच्या फडात, पाळी असली तरी डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायची, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, त्यामुळे ती एक दिवस बसली तरी खाडा (गैरहजेरी) पडतो आणि वर दंड कापतात. "खाडे पडल्यावर उचल फिटती का मॅडम?"

ऑपरेशन कधी केलं? पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी आल्यावर, वैशाखात. पैसे कुठून आणले? "मुकादमाकडून. पुढच्या सालच्या उचलीतून."

इथं माझा पेन थांबला. खाडे टाळायला पिशवी काढली, आणि ती काढायला जी उचल घेतली ती फेडायला पुन्हा फडात!

पिशवी काढायला डॉक्टरांनी सांगितलं होतं का, विचारलं. "सांगितलं ना, पण मी ठरवूनच गेल्ते. आमच्यातल्या बायांनी केलं, त्यांचे खाडे थांबले." आणि आता? "आता कंबर धरती. तरी जाती."

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ साली आत्महत्यांचे आकडे घेऊन हेच दाखवलं होतं, की प्रत्येकाचं कारण ज्याचंत्याचं असतं पण प्रमाण मात्र समाजाच्या रचनेनं ठरतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं ते वाक्य मला त्या मागच्या दारात समजलं.

मी हे सगळं "इतर" मध्ये बारीक अक्षरात लिहून दिलं. ऑफिसात डेटा साफ करताना ते "वैद्यकीय कारण" मध्ये टाकलं गेलं, का तर टेबलात एकच कोड बसतो. मी भांडले. घरात बसून कोड लावणाऱ्याला फड माहीत नसतो, आणि मग रिपोर्टात पुन्हा बायकांचा अडाणीपणा निघतो आणि उपाय म्हणून जनजागृती शिबिर! शेवटी पुढच्या फॉर्ममध्ये ऑपरेशनचा महिना आणि पैसे कुठून आले हे दोन रकाने घ्यायला ते तयार झाले.

पण अजून एक रकाना आहे, निर्णय कोणी घेतला: स्वतः, नवरा, डॉक्टर, इतर. ती "मीच" म्हणाली, ठासून म्हणाली, म्हणून खूण "स्वतः" वर आहे. ती खोडायचा मला अधिकार नाही, पण नुसती तशीच सोडली तर रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटणार की हिला दुसरा काही पर्याय होता.